खुराड्यात दुखणं शिरलं तर

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी पिकते आणि खळ्यावर सांडलेल्या दाण्यावर घरोघरी दहा-वीस गावरान कोंबड्या पोसल्या जातात. त्यांच्या अंड्यांचा आणि पिल्लांचा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतो. आठवड्यात खुराडं रिकामं झालं तर घराला ते चांगलंच जाणवतं. तरीही ‘मर आली’ म्हणून लोक हात टेकतात, याचं फार वाईट वाटतं. करण्यासारखं पुष्कळ असतं, पण त्यातलं बरंचसं पहिल्याच दिवशी करावं लागतं.

सुरुवात सकाळी खुराडं उघडताना करा. दार उघडून लगेच वळू नका, दोन मिनिटं थांबा. कोंबडी आजार लपवते. उघड दिसू लागतो तेव्हा तो बराच पुढे गेलेला असतो. निरोगी पक्षी झेप घेऊन बाहेर येतो आणि दाण्यासाठी भांडतो. सगळ्यांत शेवटी निघणारी, पिसं फुगवून मान आखडून बसणारी, पंख लोंबलेली कोंबडी उचलून घ्या. तुऱ्याचा रंग, डोळे, नाक, तोंडाचा आतला भाग आणि पंखांखालची कातडी पाहा. गळ्याखालची चाऱ्याची पिशवी चाचपा. रात्री ती भरलेली आणि सकाळी रिकामी असायला हवी. शिटही पाहा: घट्ट आणि वर पांढरा थर असेल तर ठीक. अधूनमधून पडणारी तपकिरी, चिकट, वासाची शिटसुद्धा नेहमीचीच. खुडूक कोंबडीही गप्प बसते, पण हात लावताच फुगून अंगावर येते. आजारी कोंबडीत तेवढा जोर नसतो.

संशय आला की आधी वेगळं करा, निदान मागाहून. कोंबडी डालग्याखाली, सावलीत, इतरांपासून लांब ठेवा. दाणा-पाण्याचं भांडं स्वतंत्र हवं. आधी निरोगी कोंबड्यांचं उरका, मग आजारी कोंबडीकडे जा आणि नंतर हातपाय साबणाने धुवा. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडं थोडं पाजा. उरलेलं संध्याकाळी ओतून द्या.

आता आजार कोणता ते पाहू. मान वाकडी होणं, पाय किंवा पंख लुळे पडणं, हिरवी पातळ शिट, तोंड उघडून घरघरत श्वास आणि एकामागून एक मरतूक अशी लक्षणं मानमोडीची, म्हणजे राणीखेतची. हा विषाणूचा रोग आहे, त्यावर औषध नाही. मेडिकलमधून माणसांच्या गोळ्या आणून पाण्यात विरघळवण्यात पैसा जातो, रोग जात नाही. पिल्लांच्या शिटेत रक्त दिसलं तर बहुधा रक्ती हगवण. तिच्यावर अँप्रोलियम चांगलं लागू पडतं; डॉक्टरांना विचारून पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यातून द्या आणि खालचा ओला भुसा त्याच दिवशी बदला, नाहीतर औषध वाया जातं. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या म्हणजे देवी. खपल्या ओरबाडू नका, पोव्हिडोन आयोडीन लावा आणि डासांचा बंदोबस्त करा, कारण डास हा रोग पसरवतात. नाक वाहतंय, चेहरा सुजलाय, घाण वास येतोय, तर सर्दीचा रोग. यावर प्रतिजैविक उपयोगी पडतं, पण ते डॉक्टरांनीच ठरवावं. औषध चालू असताना आणि नंतर ते सांगतील तितके दिवस अंडी खाऊ नका, विकूही नका.

आपल्या कोरड्या भागात दोन कारणं हमखास नजरेतून सुटतात. पहिलं गोचीड. ते दिवसा भिंतीच्या भेगांत लपतात आणि रात्री रक्त पितात, त्यामुळे दिवसा कोंबडी तपासून बहुधा काहीच सापडत नाही. रात्री बॅटरी घेऊन खुराड्यात पाहा. तुरा फिका पडला असेल, ताप आणि हिरवट शिट असेल, तर गोचिडांनी पसरवलेल्या जंतूंची बाधा असू शकते. पेनिसिलिनच्या इंजेक्शनने अशी कोंबडी वाचते. भेगा लिंपून चुना मारा. पिकावरचं कीटकनाशक कोंबडीच्या अंगावर कधीही मारू नका. दुसरं कारण पेरणीचं. सप्टेंबर-ऑक्टोबरात रब्बी ज्वारीच्या बियाण्याला औषध चोळतात. तो रंगीत दाणा अंगणात सांडला की सकाळी धडधाकट दिसलेल्या कोंबड्या दुपारी पडतात. बीजप्रक्रिया अंगणात करू नका, उरलेलं बियाणं कोंबड्यांना घालू नका.

एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळे-जांभळे पडले, डोकी सुजली, तर हा बर्ड फ्लू असू शकतो; घरी उपचार करत बसू नका. महाराष्ट्राने तो 2006 मध्ये नवापुरात आणि जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात पाहिला आहे. मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नका, पोरांना लांब ठेवा, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा किंवा 1962 ला फोन लावा. अशी मरतूक कळवणं 2009 च्या कायद्याने बंधनकारक आहे. उरलेल्या कोंबड्या घाईने बाजारात नेणं म्हणजे दुसऱ्याच्या दारात रोग नेऊन सोडणं. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर फेकू नका. इतर आजारांनी मेलेली असेल तर विहिरीपासून दूर, कुत्र्याला उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. बर्ड फ्लूचा संशय असेल तर डॉक्टर येऊन सांगतील तसंच करा.

राहिलं लसीकरण, आणि सगळा भरवसा त्यावरच. मानमोडीसाठी पिल्लू आठवड्याचं झालं की लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, चौथ्या आठवड्यात पुन्हा एकदा, आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बीचं इंजेक्शन. देवीची लस साधारण सहाव्या आठवड्यात. लस फक्त निरोगी पक्ष्यांनाच द्यायची. अडचण एवढीच, की कुपी बहुधा शंभर-दोनशे मात्रांची असते, बर्फातच आणावी लागते आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी एकट्याला ती परवडत नाही. म्हणून वस्तीवरच्या आठ-दहा घरांनी मिळून एक दिवस ठरवा, एकाने थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणावी आणि पहाटे, कोंबड्या खुराड्यात असतानाच, घरोघर फिरून देऊन टाकावी. उन्हाळा तापायच्या आधी, फेब्रुवारीतच हे उरका, आणि शेजारच्या घरालाही सोबत घ्या, कारण त्यांच्या कोंबड्याही तुमच्याच उकिरड्यावर चरतात.