आजचे मनन : उघडी खिडकी

शास्त्रभाग : दानीएल 6:1-10



परवा खंडेनवमी. आमच्या धाटावच्या एमआयडीसीत कंपन्यांच्या गेटवर आजपासूनच झेंडूची पोती उतरायला लागली आहेत. मशिनं धुऊन-पुसून ठेवतील, त्यांना हार घालतील, नारळ फोडतील. माझ्या ऑफिसात मशिनं नाहीत, लॅपटॉप आहेत. त्यांना हळदकुंकू लागतं, एवढाच फरक. म्हणून सकाळी मुद्दाम दानीएलचा सहावा अध्याय काढून बसलो.

चित्रात आपण दानीएल तरणाबांड पाहतो. पण सिंहाच्या गुहेत गेला तेव्हा तो म्हातारा होता. तरुणपणी त्याला पकडून बाबेलला नेलं, आणि बाबेल पडून दारयावेशाचं राज्य आलं तोवर साठाहून जास्त वर्षं उलटली होती. 120 अधिपती, त्यांच्यावर तीन अध्यक्ष, त्यांतला एक हा. म्हणजे चांगल्या पगाराचा, जबाबदारीचा, सरकारी माणूस. वैऱ्यांनी त्याच्या कामात चूक शोधली, सापडली नाही. मग फर्मान काढवलं : तीस दिवस राजाशिवाय कोणाकडेही काही मागायचं नाही.

तीसच दिवस! मी असतो तर म्हणालो असतो, महिनाभर खिडकी लावून घेऊ, देव काय बंद खिडकीतून ऐकत नाही? आणि माझ्याकडे वचनही तयार असतं. मत्तय 6:6 मध्ये प्रभू येशूनेच सांगितलंय ना, दार लावून प्रार्थना करा म्हणून.

इथे मी बराच वेळ अडलो. प्रभूने दार लावायला सांगितलं ते लोकांनी पाहावं म्हणून प्रार्थना करणाऱ्यांना. दानीएलने खिडकी लावली असती तर ती लोकांनी पाहू नये म्हणून, भीतीने. दहाव्या वचनात एक छोटा शब्द आहे, तो पेन्सिलीने अधोरेखित करा : ‘पूर्वीप्रमाणे’. फर्मान निघालं म्हणून त्याने नवी खिडकी पाडली नाही, रस्त्यावर उभं राहून ओरडला नाही. काल जशी प्रार्थना केली तशीच आज केली.

माझे पप्पा धाटावच्याच एका कंपनीत बॉयलर अटेंडंट होते. खंडेनवमीला ते पूजेत बसत नसत. पण आदल्या दिवशी सगळा सेक्शन घासायला पुढे तेच, आंब्याच्या डहाळ्या आणायलाही तेच. आणि पूजेच्या वेळी बॉयलरवर कोणीतरी लागतंच, तो काही आरतीसाठी थांबत नाही. पप्पा म्हणायचे, “तुम्ही सगळे जा, मी बसतो.” सुरुवातीची दोन-तीन वर्षं ‘आगाऊ’, ‘धर्म बुडवलेला’ असं बरंच ऐकून घेतलं. एक जण तर डब्याला शेजारी बसेना. पप्पांनी कधी वाद घातला नाही आणि कधी आरतीलाही उभे राहिले नाहीत. पुढे पुढे त्यांचे सोबतीच नैवेद्य दाखवायच्या आधी दोन पेढे कागदात बांधून बाजूला काढायचे. “हे तुझ्या पोरांचे,” म्हणून. ते पेढे मी खाल्लेत.

आपल्या रायगडाला हे नवं नाही. इथले बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शब्बाथ म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवायचे. गावाने त्यांचं नावच पाडलं, शनिवार तेली. रोहेकर, पेणकर, अष्टमकर ही आडनावं त्यांच्यात आहेत, म्हणजे आपल्याच गावांची माणसं. ती ख्रिस्ती नव्हेत, पण दानीएलचं पुस्तक त्यांचंही. कितीतरी पिढ्या त्यांची ओळख बोलण्यातून नाही, एका बंद घाण्यावरून होत राहिली.

खिडकीवरून मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांच्या बाबतीत ते दार होतं. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेलं. विधवा मुलींना शिकवायचं, कोणाच्या धर्मात हात घालायचा नाही, हे ठरलेलं. मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. पण रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या आणि ते त्यांनी लपवलं नव्हतं. आपल्या खोलीत मुलगी मनोरमा हिच्याबरोबर त्या पवित्र शास्त्र वाचायच्या, प्रार्थना करायच्या, आणि दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसायला लागल्या. पुण्यात गहजब झाला, ‘केसरी’ने झोड उठवली. 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतलं असतं तर कदाचित हे सगळं टळलं असतं.

पालकांची बाजूही मला कळते. विश्वासाने मुली सोपवलेल्या, आणि पुढे त्यांतल्या काही खरोखर ख्रिस्ती झाल्या. मंडळीत आपण ही गोष्ट सांगताना समोरच्यांना सरसकट खलनायक करतो, ते बरोबर नाही. रानडे काही सिंहाच्या गुहेत टाकणारे नव्हते. आणखी एक गोष्ट आपण सांगतच नाही : रमाबाई ख्रिस्ती लोकांपुढेही वाकल्या नाहीत. त्यांना धर्मशिक्षण देणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वाचा. चर्च सांगतं म्हणून प्रत्येक गोष्ट डोळे मिटून मानायला त्या तयार नव्हत्या. खात्या शाकाहारीच राहिल्या. म्हणजे ‘आपल्या’ लोकांत नावडतं व्हायचीही तयारी होती. मला वाटतं, ते जास्त अवघड.

आता माझं. तीन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या पूजेच्या दिवशी मी ताप आल्याचा मेसेज टाकला आणि घरी बसलो. खिडकी लावली ती लावली, वर खोटंही बोललो. दुसऱ्या वर्षी घरून काम मागून घेतलं. तिसऱ्या वर्षी मागच्या रांगेत फोन कानाला लावून उभा राहिलो, पलीकडे कोणी नव्हतं. यंदा मी टीम लीड आहे. मॅनेजरने सांगितलं, “नारळ तू फोडायचा.”

मी पळवाट शोधत 2 राजे 5:18-19 पर्यंत जाऊन आलो. नामान अलीशाला विचारतो : धनी माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात वाकेल तेव्हा मलाही वाकावं लागेल, तेवढी क्षमा मिळेल ना? अलीशा रागावत नाही, शांतीने जा म्हणतो. हे वचन मला फार आवडतं, आणि ज्याच्यावर खरंच तशी सक्ती आहे त्याला मी ते पुन्हा पुन्हा वाचून दाखवीन. पण नामान धन्याचा हात धरून होता. माझा हात कोणी धरलेला नव्हता. मला फक्त अवघडल्यासारखं होत होतं.

काल संध्याकाळी मॅनेजरला फोन केला. 1 पेत्र 3:15-16 आधी वाचलं होतं; उत्तर सौम्यतेने द्या असं तिथे आहे, तरी आवाज कापत होता. म्हटलं, “सर, मी ख्रिस्ती आहे, पूजा मी करू शकणार नाही. पण सकाळी आठला येतो, तोरणं लावतो, जागा सगळी आवरून घेतो. आणि पूजा चालेल तेव्हा सपोर्टचे कॉल मी बघतो, बाकीच्यांना मोकळं सोडू.” थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “मग मागच्या वर्षी काय होतं?”

मागच्या वर्षीचा तो फोन, त्याआधीचा ताप, सगळं सांगावं लागलं. ते ‘बरं, बघू’ म्हणाले आणि फोन ठेवला. टीममध्ये काय बोलणं होईल ते परवा कळेल.

प्रार्थना : प्रभू येशू, माझ्या खोटेपणाची क्षमा कर. माझ्या मॅनेजरला आणि टीमला आशीर्वाद दे. परवा मला वेळेवर उठव. आमेन.