रोजनिशीला गोधडीचे वेष्टन

जुन्या वस्त्राचा शेवटच्या धाग्यापर्यंत उपयोग करणे ही मराठी गृहिणीची परंपरागत शिस्त होय. विरलेले लुगडे टाकून न देता त्याच्या घड्या एकावर एक रचावयाच्या आणि त्या धावदोऱ्याने एकजीव करून पांघरूण तयार करावयाचे, हीच गोधडी. देशावर तिला वाकळ असेही म्हणतात. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाची कवंदी ही तिचीच भावंडे आहेत. या हस्तकौशल्याचा उपयोग रोजनिशीच्या किंवा वहीच्या शोभिवंत वेष्टनासाठी कसा करता येईल, याची माहिती या लेखात दिली आहे.

बदलते तळोजा

पनवेल तालुक्यातील तळोजा हे कासाडी नदीच्या परिसरातील गाव. १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रायगड जिल्ह्याचा हा भाग भातशेतीचा. औद्योगिक वसाहत आली, नवी मुंबईची वस्ती वाढली, १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली आणि १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रोही धावू लागली. शेती आटली, तशी लावणी-कापणीच्या हंगामात स्त्रियांना मिळणारी कामेही आटली. सुगीनंतरच्या मोकळ्या दिवसांत गोधडी शिवणारे हात मात्र आजही घराघरांत आहेत.

त्या हातांपुढे दोन अडचणी आहेत. पहिली कापडाची. गोधडीला लागणारे मऊ सुती लुगडे दुर्मिळ होत चालले आहे. कृत्रिम धाग्याच्या साड्या टिकाऊ असल्या, तरी त्या निसटतात, घाम टिपत नाहीत आणि त्यांच्या घड्या टाक्याला नीट बसत नाहीत. दुसरी अडचण किंमतीची. पूर्ण आकाराच्या गोधडीला कित्येक दिवसांचे श्रम लागतात. तेवढ्या श्रमांचे मोल देणारे गिऱ्हाईक क्वचितच भेटते. वहीच्या वेष्टनाला मात्र वीतभर तुकडेही पुरतात आणि काम काही तासांत पुरे होते. या लहान वस्तूचे महत्त्व यातच आहे.

साहित्य व मापे

येथे २१ सेंटिमीटर उंच, १५ सेंटिमीटर रुंद व २ सेंटिमीटर जाड अशी वही गृहीत धरली आहे. दर्शनी भागासाठी खणाचे, लुगड्याच्या काठाचे किंवा छापील सुती कापडाचे तुकडे घ्यावेत. मधल्या थरासाठी जुन्या धोतराची किंवा साडीची दुहेरी घडी आणि अस्तरासाठी साधे सुती कापड घ्यावे. जाड सुती दोरा, सुई, कात्री, मोजपट्टी व एक गुंडी एवढे साहित्य पुरेसे आहे.

कापड प्रथम धुऊन, वाळवून इस्त्री करावे. ओला पांढरा फडका रंगीत तुकड्यावर घासून पाहावा. फडक्यास रंग लागल्यास तो तुकडा वापरू नये. एका कच्च्या रंगाने सारे काम वाया जाते.

कृती

प्रथम दर्शनी तुकडे जोडून ३८ × २७ सेंटिमीटरचा पट तयार करावा. शिवताना कापड आक्रसते, म्हणून सुरुवातीस माप मोठे ठेवावे. अस्तर उलट बाजू वर करून पसरावे, त्यावर मधली घडी आणि सर्वांत वर दर्शनी पट सुलट बाजू वर ठेवून अंथरावा. मध्यापासून कडांकडे कच्चे टाके घालून तिन्ही थर पक्के करावेत. ही पायरी गाळल्यास चोळ मध्यभागी साचतो आणि वेष्टनाला सुरकुत्या पडतात.

यानंतर कडेपासून सुरुवात करून आत आत जाणाऱ्या चौकटींत धावदोरा घालावा. दोन ओळींत एक सेंटिमीटर अंतर असावे. टाके लहान व सारखे असावेत. दोरा ओढून ताणू नये. गाठ थरांच्या मध्ये दडवावी. शिवण पुरी झाल्यावर कच्चे टाके उसवून पट ३५ × २४ सेंटिमीटर मापाचा कापून घ्यावा. वहीची दोन पाने व कणा मिळून ३२ सेंटिमीटर होतात. त्यात सैलपणासाठी एक व दोन्ही कडांच्या शिवणीसाठी दोन सेंटिमीटर मिळविले, की ३५ हे माप येते. उंचीचा हिशेबही असाच आहे. वही वेगळ्या मापाची असल्यास याच रीतीने माप काढावे.

वहीचे पुठ्ठे अडकविण्यासाठी ९ × २४ सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या कापून प्रत्येकीची एक लांब कड दुमडून शिवावी. या पट्ट्या पटाच्या दोन्ही टोकांना, अस्तराच्या बाजूस, दुमडलेली कड आत येईल अशा ठेवून कच्च्या टाक्यांनी टाचाव्यात. शेवटी साडेचार सेंटिमीटर रुंद व सुमारे १३० सेंटिमीटर लांब पट्टीची मगजी चारही बाजूंनी लावावी. ती प्रथम दर्शनी बाजूस कडेपासून एक सेंटिमीटरवर शिवावी, मग आत वळवून, कड दुमडून बारीक टाक्यांनी बसवावी. मागील बाजूस कापडी फासा व पुढे गुंडी लावली, की वेष्टन पूर्ण होते.

श्रमांचा हिशेब

कापड जुने, म्हणून वस्तू स्वस्त, ही समजूत या व्यवसायाला मारक आहे. कापड घरचे असले, तरी वेळ फुकट नसतो. समजा, एका वेष्टनास पाच तास लागले आणि तासाला ६० रुपये मजुरी ठरविली, तर मजुरीच ३०० रुपये होते. साहित्याचे ५० आणि प्रवास व विक्रीखर्चाचे ४० रुपये धरल्यास किंमत ३९० रुपये येते. याहून कमी दराने विक्री केल्यास पैसे हाती आल्याचे दिसते, पण तूट शिवणारणीच्या मजुरीतून भरली जाते.

हे काम गटाने केल्यास कापणी, शिवण व मगजी यांची वाटणी करता येते, मापे सारखी राहतात आणि मोठी मागणीही पुरी करता येते. २४ फेब्रुवारी १९७५ रोजी स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ राज्यात बचत गटांच्या माध्यमातून कार्य करते. विक्रीच्या दृष्टीने सिडकोने बेलापूर येथे उभारलेले अर्बन हाट हे हस्तकलेच्या बाजाराचे जवळचे उदाहरण आहे. तेथे एकदा फेरी मारल्यास कोणत्या वस्तू काय भावाने विकल्या जातात, हे समक्ष पाहता येईल.

नव्याने काम सुरू करणाऱ्या गटाने पहिले वेष्टन आपल्याच हिशेबवहीसाठी शिवावे. त्यामुळे मापांचा सराव होईल आणि गिऱ्हाइकास दाखविण्यास नमुना तयार राहील. त्या वहीच्या पहिल्या पानावर मात्र विक्रीची रक्कम लिहू नये. कोणी किती तास शिवले, याची नोंद तेथे करावी. व्यवसायाचे खरे भांडवल तेच आहे.