फितीतील गाव

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. बोईसरच्या एका कारखान्यात नोकरीस असलेला माझा जुना विद्यार्थी सायंकाळच्या गाडीने पालघरला माझ्या घरी आला. त्याच्या हाती दुहेरी पिशवीत गुंडाळलेली एक काळी कॅसेट होती. ती माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, "गुरुजी, आईबाबांच्या लग्नाची आहे. आजी सारखी विचारते. तुमच्याकडे ते यंत्र अजून आहे ना?"

यंत्र होते. माळ्यावर, धूळ खात का होईना, होते.

मुलांनो, अशी कॅसेट तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलीही नसेल. १९८२ साली दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, त्या वर्षी आपल्या देशात रंगीत दूरदर्शन आले. पुढील काही वर्षांत लग्नाच्या मांडवात प्रखर दिवा आणि कॅमेरा घेतलेला चित्रणकार हिंडताना दिसू लागला. त्याने टिपलेले सारे अर्ध्या इंच रुंदीच्या फितीवर उतरत असे. तीन तासांच्या कॅसेटमधील फीत उलगडली, तर ती अडीचशे मीटरांहून अधिक लांब भरते. ती उजेडात धरून पाहिली, तर चित्र मात्र एकही दिसत नाही. पातळ प्लॅस्टिकवर चुंबकीय चूर्णाचा लेप दिलेला असतो, आणि चित्र व आवाज त्या चूर्णात केवळ खुणांच्या रूपाने साठविलेले असतात. यंत्रातील धातूचे एक चाक सेकंदाला पंचवीस फेरे घेते आणि त्यावर बसविलेले 'हेड' त्या खुणा वाचीत जाते.

हा मुलगा पोफरणचा. तारापूरजवळ समुद्रकाठी पोफरण आणि अक्करपट्टी अशी दोन गावे होती. १९६९ साली देशातील पहिले अणुविद्युत केंद्र तारापूरला सुरू झाले. पुढे तेथे आणखी दोन अणुभट्ट्या उभ्या राहिल्या. त्या २००५ व २००६ साली कार्यान्वित झाल्या. त्यांच्यासाठी या दोन्ही गावांना आपली जागा सोडावी लागली. माणसे नव्या वसाहतीत गेली, गावाचे नावही त्यांच्याबरोबर गेले. पण विहीर आणि अंगण कोण कसे नेणार?

मी कॅसेट लगेच यंत्रात घातली नाही. आपल्या किनाऱ्यावरील दमट हवेत फितीवर बुरशी धरते. पांढुरके ठिपके दिसत असताना ती चालविली, तर फीत खराब होतेच, शिवाय बुरशी यंत्राला लागून पुढच्या कॅसेटींवरही जाते. सुदैवाने ही फीत स्वच्छ होती. मग मी कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची लहानशी पाकळी मोडून टाकली. मुलगा दचकला. मी त्याला सांगितले, "अरे, ही मोडली म्हणजे या फितीवर दुसरे काही मुद्रित होत नाही."

ही पाकळी मला कोणी पुस्तकातून शिकविली नाही. माझ्या वडिलांच्या साठीच्या समारंभाची एक कॅसेट आमच्या घरी होती. १३ मार्च १९९६ रोजी विश्वचषकात भारत व श्रीलंका यांचा उपान्त्य सामना होता. मला बाहेर जाणे भाग होते, म्हणून हाताशी आलेली कॅसेट यंत्रात घालून मी सामना मुद्रित करावयास लावला. ती कोणती कॅसेट होती, हे दुसऱ्या दिवशी कळले. सामनाही आपण हरलोच होतो. वडील आज नाहीत, आणि त्यांचा आवाज कोठेही शिल्लक नाही. अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेने २००९ साली सांगितले, की १९६९ च्या पहिल्या चांद्रविजयाच्या मूळ फिती फितींच्या टंचाईच्या काळात बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. ते वाचून मला थोडा धीर आला, हे मी कबूल करतो.

असो. फीत आधी शेवटपर्यंत नेऊन पुन्हा मागे गुंडाळली, म्हणजे वर्षानुवर्षे पडून सैल झालेले वेढे सारखे बसतात. मग यंत्राची तार एका लहानशा उपकरणाला आणि ते उपकरण संगणकाला जोडले. फितीवरून येणारा विद्युत्प्रवाह चढत-उतरत असतो. हे उपकरण सेकंदाला १ कोटी ३५ लक्ष वेळा त्याचे माप घेते आणि प्रत्येक माप आकड्यांत लिहून ठेवते. फितीवरून दुसऱ्या फितीवर उतरविलेली प्रत दर वेळी थोडी अंधूक होत असे. आकड्यांची प्रत मात्र हुबेहूब निघते. या कामात घाई चालत नाही. दोन तासांच्या फितीला दोन तासच लागतात.

आम्ही दोघे पाहत बसलो. मंगलाष्टके झाली, आहेर झाले. नंतर चित्रणकार बहुधा कंटाळला असावा. तो कॅमेरा घेऊन गल्लीतून भटकत गेला: वाळत घातलेली जाळी, एक विहीर, ओट्यावर बसलेला कोणी म्हातारा.

"गुरुजी, हा भाग कापू का? यात काहीच नाही," मुलगा म्हणाला.

मी म्हटले, "आजीला दाखविल्यावाचून काहीही कापू नकोस."

पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. नवरानवरीकडे पाहून त्या हसल्या, बोलल्या नाहीत. ती गल्ली आली तशा एकदम पुढे सरकल्या. "थांबव रे! मागं ने." मुलाने चित्र मागे नेले. "ही आमची विहीर. आणि हे तुझे आजोबा, जाळं शिवतायत बघ." त्याने आजोबांना कधी पाहिलेच नव्हते. ती चार मिनिटे आम्ही सहा वेळा पाहिली.

असली यंत्रे बनविणारा अखेरचा म्हणून ओळखला गेलेला जपानी उद्योग २०१६ साली थांबला. माझ्या यंत्राचे हेड झिजले, तर नवे कोठून आणणार? म्हणून त्या दिवशीच त्या चित्रणाच्या दोन प्रती केल्या. एक बोईसरला, एक माझ्याकडे, कारण संगणकाची तबकडीही एखाद्या दिवशी अवचित बंद पडते. मूळ कॅसेट आजींनी परत मागून घेतली व पेटीत ठेवली.

निघताना शेजारच्या दोन बायका दारात उभ्या होत्या. एकीच्या पदराखाली तीन कॅसेटी होत्या. एकीला बुरशीचा वास येत होता. ती मी वेगळ्या पिशवीत घातली आणि घरी आलो.