सेन्सर नवा, तरी दिवा पेटलेलाच

प्रश्न : चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून पेट्रोल कारचा पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलला. आठवड्यात दिवा परत लागला. नवा सेन्सरच खराब निघाला का? (एक वाचक, घुग्घुस)

उत्तर : तशी शक्यता कमीच. दुसरा सेन्सर आणण्याआधी स्कॅनर लावून कोड लिहून घ्या. कोड न बघता सुटे भाग बदलणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

पी ०१३५ आला तर सेन्सरच्या हीटरचं सर्किट बघा : फ्यूज, वायर, कनेक्टर. घुग्घुसला कोळशाची आणि सिमेंटची बारीक धूळ सगळीकडे बसते. कनेक्टर उघडून पिनांवर काळा थर किंवा हिरवट गंज आहे का, ते नीट पाहा.

पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. इथे सेन्सर बहुधा खरंच सांगतोय. व्हॅक्युमची नळी निसटली असेल, एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपला चीर असेल, किंवा सेन्सरच्या आधी एक्झॉस्टचं गॅस्केट फुटलं असेल. सकाळी थंड इंजिन चालू करून कान द्या. टकटक आवाज आणि जोडावर काजळी दिसली, की दोष सापडला. त्या जोडाला साधं सिलिकॉन मात्र लावू देऊ नका, त्याच्या वाफेने सेन्सर निकामी होतो.

नेहमीच्या झिर्कोनिया सेन्सरचं व्होल्टेज इंजिन तापल्यावर ०.१ ते ०.९ मध्ये सारखं वरखाली व्हायला हवं. मागच्याचं साधारण स्थिर राहतं. तोही तसाच नाचत असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तपासून घ्या.

दुरुस्तीनंतर कोड पुसा आणि चंद्रपूरपर्यंत एक चक्कर मारून पुन्हा स्कॅन करा.