मधल्या सर्व्हरला ऐकू येतं का?

प्रश्न : दर रविवारी आम्ही नऊ जण ग्रुप कॉलवर गप्पा मारतो. सगळ्यांचे आवाज एकत्र करायचे तर कंपनीच्या सर्व्हरला ते ऐकावेच लागत असतील. मग कॉल खाजगी कसा? आणि साधा फोन वापरणाऱ्या काकूंना त्यात घेता येईल का?

उत्तर : शंका अगदी रास्त आहे. जुन्या कॉन्फरन्स कॉलमध्ये मधलं यंत्र सगळे आवाज मिसळून पुढे पाठवायचं, आणि जो मिसळतो त्याला ते ऐकू येणारच. वाट निघाली ती मिसळण्याचं काम फोनकडे सोपवून. तुमचा फोन आवाज कुलूपबंद करून एकदाच धाडतो. सर्व्हर त्याच्या प्रती उरलेल्या आठ जणांना पोचवतो, पण किल्ली त्याच्याकडे नसते. कुलूप उघडतं ते ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये. ‘सिग्नल’ अ‍ॅपने २०२१ मध्ये चाळीस जणांपर्यंतचे कॉल असेच चालवून दाखवले.

कोणी मधेच कॉल सोडला, तर भाडेकरू गेल्यावर कुलूप बदलावं तशी किल्ली बदलावी लागते. मोठ्या गटात हे फार जिकिरीचं. २०२३ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘एमएलएस’ पद्धतीत किल्ल्या वंशवृक्षासारख्या रचतात, त्यामुळे हजार जणांतही साधारण दहा पातळ्यांवरच बदल करून भागतं.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती २००८ मधली गोष्ट. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी कुलूप न तोडताच इंटरनेट कॉलमधली काही वाक्यं ओळखली, तीही आवाज वाहून नेणाऱ्या डेटाच्या पाकिटांच्या नुसत्या आकारावरून! आवाज दाबून लहान करताना स्वरांना जागा जास्त लागते, ‘स’ किंवा ‘फ’ला कमी. कुलूपबंद केल्यावरही हा लहानमोठेपणा बाहेरून दिसत होता. उपाय सोपा आहे : सगळी पाकिटं एकाच मापाची ठेवायची. थोडा डेटा वाया जातो, पण तो जाऊ द्यावा असंच मी म्हणेन. कोण, कधी, किती वेळ कॉलवर होतं, हे मात्र सर्व्हरला कळू शकतं.

आता काकू. साध्या फोनला किल्ली सांभाळता येत नाही. त्यांच्यासाठी मधेच कोणालातरी कुलूप उघडावं लागेल. म्हणूनच ‘झूम’वर एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे असंच कुलूप, चालू केलं की साध्या फोनवरून कॉलमध्ये येता येत नाही. रविवारी काकूंना कोणाच्यातरी स्मार्टफोनशेजारी बसवा.