गिटारची निगा: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

नवी गिटार घेताना पॉलिश, कंडिशनर, तारांचा क्लीनर असा दीड-दोन हजारांचा संच अनेकदा गळ्यात मारला जातो. तो घेऊ नका. रोजच्या निगेला शंभर-दीडशे रुपयांचं मायक्रोफायबर कापड पुरतं. वाजवून झालं की तारा वरून पुसा आणि कापड खालून सरकवून खालच्या बाजूनेही पुसा, कारण घामानेच त्या गंजतात. काच पुसायचा फवारा गिटारवर कधीही मारू नका.

खरा नेमाचा खर्च तारांचा. अकूस्टिक गिटारचा साधा संच २०० ते ३०० रुपयांना, नावाजलेल्या कंपनीचा ६०० ते ९०० ला, तर कोटिंग केलेला १३०० च्या पुढे मिळतो (भाव शहरागणिक थोडे बदलतात). हाताला फार घाम येत असेल तर कोटिंगवाला महाग असूनही परवडतो. नायलॉनच्या गिटारला मात्र स्टीलच्या तारा लावू नका. स्टीलच्या संचाचा ताण सत्तर किलोच्या आसपास, नायलॉनच्या जवळपास दुप्पट असतो. ब्रिज उखडून येतो.

तारा बदलताना फ्रेटबोर्डवरचा मळ मऊ, कोरड्या टूथब्रशने काढा. रोझवूड असेल तर वर्षातून एकदा-दोनदा लेमन ऑइलचे चार थेंब पुरे. ४००-५०० रुपयांची बाटली वर्षानुवर्षं जाते. घरातलं लिंबू किंवा खोबरेल चालणार नाही. लॅकर लावलेल्या मेपलला तेल नकोच.

सगळ्यात जपायचं ते हवेपासून. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, तारा फ्रेटबोर्डपासून वर उचलल्या जातात आणि बोटं सोलवटतात. नागपूरच्या मे महिन्यात उलट, लाकूड आकसून तडकू शकतं. तीन-चारशे रुपयांचा हायग्रोमीटर केसमध्ये ठेवा. ओल वाढली की सिलिका जेलच्या पुड्या घाला. हवा कोरडी पडली की भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज ठेवा.

पावसाळा सरला की एकदा कारागिराकडून सेटअप करून घ्या: साधारण ८०० ते २००० रुपये. तारा त्यात धरल्या आहेत का, नटचं काम वेगळं लावणार का, हे आधीच विचारा. ब्रिज सुटला असेल तर पुन्हा चिकटवायला दीड-दोन हजार सहज लागतात. चार हजारांच्या प्लायवूडच्या गिटारवर तेवढे घालण्यापेक्षा नवी घ्यावी.