प्रथिने मोजायची कशी? जड अणूंची खूण आणि मास स्पेक्ट्रोमीटर



समस्थानिके म्हणजे काय, हे आपण शाळेत शिकतो. प्रोटॉन तेवढेच, पण न्यूट्रॉन कमी-जास्त. कार्बन-१२ आणि कार्बन-१३ ही त्याची उदाहरणे. पण याचा उपयोग काय, असं मुलं नेहमी विचारतात. त्याचं एक सुंदर उत्तर आज पाहूया.

अडचण काय आहे?

एखादे औषध दिल्यावर पेशीतले कोणते प्रथिन वाढले आणि कोणते घटले, हे कळलं तर औषध नेमकं काय करतं ते समजतं. मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र विद्युतप्रभारित कणांना त्यांच्या वस्तुमान व प्रभार यांच्या गुणोत्तरानुसार वेगळे करते. प्रत्येक प्रकारच्या कणाचे एक शिखर आलेखावर दिसते. मग शिखराची उंची पाहून प्रमाण का सांगू नये?

कारण सगळे रेणू सारख्या सहजतेने प्रभारित होत नाहीत. शिवाय एकाच नमुन्याचे आज आणि उद्याचे आकडे थोडे वेगळे येतात. दोन शाळांचे पेपर दोन वेगळ्या शिक्षकांनी तपासले, एक कडक, एक सढळ हाताचे, तर गुणांची तुलना करता येईल का? नाही ना! पण दोन्ही शाळांचे पेपर एकाच गठ्ठ्यात मिसळून एकाच शिक्षकाकडे दिले, तर? फक्त कोणता पेपर कुठला, एवढी खूण हवी. ती खूण म्हणजेच जड समस्थानिक.

पद्धत

डेन्मार्कमधील ओडेन्स येथे मथियास मान यांच्या गटाने २००२ मध्ये ही पद्धत मांडली. तिला सायलॅक म्हणतात.

१. पेशींचे दोन गट वाढवतात. एका गटाला साधे लायसिन व आर्जिनिन ही अमिनो आम्ले देतात, तर दुसऱ्याला त्यांचेच जड रूप. लायसिन प्राण्यांच्या पेशींना स्वतः बनवता येत नाही, म्हणून मिळेल तेच वापरावं लागतं.

२. पेशी साधारण पाच वेळा दुप्पट होऊ देतात. दर वेळी जुन्या प्रथिनांचा वाटा निम्मा होतो. पाच वेळा निम्मे केल्यावर उरतात १/३२, म्हणजे सुमारे ३ टक्के.

३. एका गटाला औषध देतात. मग दोन्ही गट समप्रमाणात एकत्र मिसळतात. इथून पुढे काही सांडलं, वाया गेलं, तरी दोन्हींचं सारख्याच प्रमाणात जातं.

४. ट्रिप्सिन हे विकर प्रथिनांचे तुकडे करते. ते लायसिन किंवा आर्जिनिनच्या पुढेच कापते, त्यामुळे जवळपास प्रत्येक तुकड्यावर खूण येते.

आकडे कसे वाचायचे?

लायसिनमध्ये कार्बनचे ६ अणू असतात. सहाही कार्बन-१३ असतील तर वस्तुमान सुमारे ६ एककांनी वाढते. समजा, साधा तुकडा १००० एककांचा आहे आणि त्यात एकच लायसिन आहे. मग त्याचा जड जोडीदार १००६ चा. तुकड्यावर दोन प्रभार असतील तर आलेखावर अंतर ६ नव्हे, ३ दिसते. (का ते सांगा पाहू!) दोघांचे रासायनिक गुणधर्म सारखेच, म्हणून यंत्र दोघांनाही सारखेच वागवते. औषध जड गटाला दिले असेल आणि जड शिखर साध्याच्या तिप्पट असेल, तर ते प्रथिन तिप्पट झाले.

लक्षात ठेवा

• कार्बन-१३ स्थिर आहे, किरणोत्सारी नाही. समस्थानिक म्हटलं की किरणोत्सार, हा गैरसमज काढून टाका.
• इथे मिळते ते गुणोत्तर, एकूण वजन नव्हे. प्रत्यक्ष प्रमाण हवे असेल तर त्याच तुकड्याचे जड रूप माहीत असलेल्या प्रमाणात नमुन्यात मिसळतात.
• रुग्णाच्या शरीरातून काढलेल्या ऊतीला असे खाऊ घालता येत नाही. तिथे तुकडे झाल्यावर रासायनिक खूण जोडतात.

स्वाध्याय

१. पेशी तीनदाच दुप्पट झाल्या, तर जुन्या प्रथिनांचा किती वाटा उरेल?
२. औषध साध्या गटाला आणि जड गटाला असे आलटून पालटून देऊन प्रयोग पुन्हा का करत असतील? विचार करा आणि वहीत लिहा.